हसनचाचांची जीभ

गेल्या महिन्यात कंपनीने माझ्या गळ्यात एक भाषण बांधलं. पुण्यातलं मोठं हॉटेल, वीस मिनिटं, आणि विषय ‘देशातील बांधकाम आणि पायाभूत सुविधा : वाढीच्या संधी’. पडद्यावर दाखवायची चित्रं कंपनीनेच पाठवली होती. प्रत्येक चित्रात डाव्या कोपऱ्यातून एक बाण निघायचा आणि उजवीकडे वर आभाळात जायचा. रस्ते वर, बंदरं वर, पूल वर. खाली जाणारा एकही बाण नाही. मी ते बाण बघत बसले होते आणि एकदम तोंडात खारट चव आली. आईशप्पथ, खोटं सांगत नाही. हसनचाचा आठवले की मला अशीच चव येते.

हसनचाचा म्हणजे आमच्या रत्नागिरीच्या साइटवरचे फोरमन. मी मूळची कऱ्हाडची. डिग्रीचा कागद नवा, बूट नवे, हेल्मेट तर असं पांढरंशुभ्र की गवंडी बघून हसायचे. ऑफिस मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, पण माझी पहिली नेमणूक झाली खाडीपलीकडच्या एका गावात. तिथल्या शाळेला दोन नव्या खोल्या बांधायच्या होत्या. काम किरकोळ. खरं काम मागून यायचं होतं, खाडीवरचा पूल. तो आमच्याच कंपनीला मिळणार असं जवळजवळ ठरलेलं होतं, आणि शाळेच्या खोल्या म्हणजे गावाशी ओळखदेख.

पहिल्या दिवशी सकाळी होडीतून उतरले, चिखलातून नवे बूट ओढत साइटवर पोचले, तर वाळूचा ट्रक येऊन उभा होता. एक किडकिडीत म्हातारा ट्रकच्या चाकावर पाय देऊन वर चढला. पूर्ण बाह्यांचा शर्ट, आखूड पांढरी दाढी, गोल टोपीवर हेल्मेट. त्याने हात कोपरापर्यंत वाळूत घातला, तळातून चिमूटभर वाळू काढली आणि सरळ जिभेवर ठेवली. डोळे मिटले. ड्रायव्हर जागच्या जागी अवघडून उभा. मग म्हातारा डावीकडे वळून तीनदा थुंकला आणि म्हणाला, “गोड हाय. ओत.”

मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलंय बिचाऱ्याचं.

“गोड म्हणजे साखरेसारखी नाय गो,” ते खाली उतरून मला म्हणाले. मी काही विचारलंही नव्हतं. तोंडाचा आ झाला होता तोच पुरे होता. “गोडं पानी असतं ना, तशी. ही वाळू खाडीतली. पानी मारून धुतात, मग आनतात. धुतली नाय तर खार राहतो, आनि खार लोखंडाला खातो. वरून स्लॅब कसा नवऱ्या मुलीसारखा दिसंल, आतनं सळ्या सडलेल्या.”

“पण चाचा, त्याच्यासाठी लॅब असते ना?” मी पुस्तकातलं बोलले.

“हाय ना. लॅब कोल्हापुरात, रिपोर्ट चार दिवसांनी. जीभ तोंडात हाय, रिपोर्ट आत्ता.”

कंपनीच्या नियमाप्रमाणे नमुना लॅबला जायचाच. पण ट्रक रिकामा व्हायचा तो चाचांच्या जिभेवर. लॅबचा कागद नंतर यायचा आणि तोही दर वेळी तेच सांगायचा. खाडीतले वाळूवाले त्यांना टरकून असायचे. एकाने म्हणे एकदा वरच्या थरात धुतलेली आणि खाली तशीच अशी वाळू भरून पाठवली होती. म्हणून तो हात कोपरापर्यंत.

चाचांची दुसरी खूण म्हणजे पाणी. काँक्रीट ओतलं की आठ-दहा दिवस त्याच्यावर पाणी मारत राहायचं असतं, नाहीतर ते कच्चं राहतं. हे कुठल्याही गवंड्याला ठाऊक असतं आणि बहुतेक जण दुसऱ्या दिवशी विसरतात. चाचांच्या बाबतीत त्याचं व्यसन झालेलं. सलाम नाही, नमस्कार नाही, सकाळी माणूस दिसला की “पानी मारलं?” फोन उचलला की “पानी मारलं?” शाळेतल्या एका मास्तरांच्या लग्नाला गेले, स्टेजवर चढले, नवरदेवाचा हात हातात घेतला आणि सवयीने तेच विचारून बसले. नवरदेव “हो हो” म्हणाला. त्यावर पुढचा आठवडाभर साइटवर हसणं चाललं होतं, आणि सगळ्यात जास्त हसत होते स्वतः चाचा.

मनगटावरचं घड्याळ अजून मस्कतच्या वेळेवर. बावीस वर्षं आखातात काढलेली. मस्कत, दोहा, दुबई. किती वाजले विचारलं की घड्याळात बघून मनात दीड तास मिळवायचे आणि मग सांगायचे. “नीट लावून घ्या ना,” मी म्हटलं, तर म्हणाले, “कशाला? तेवढाच हिशेब होतो डोस्क्याला.” पण तिकडच्या बढाया त्यांनी कधी मारल्या नाहीत. फक्त एकदा दुपारी भाकरी-सुक्या मच्छीचा डबा सोडता सोडता म्हणाले, “दुबईत पाच हॉटेलं बांधली मी. एकात चहा प्यालो नाय. काम संपलं की गेटावर पास मागतात. काल मी तिथं भिंत चढवली, आज मला आत सोडत नायत! तवाच ठरवलं, मरायच्या आधी एक काम असं करायचं, जिथं जायला कुनाला पास लागत नाय.”

“कुठलं?”

त्यांनी भाकरीच्या तुकड्यानेच खाडीकडे दाखवलं. “पूल. पुलाला दार असतं काय?”

त्या पुलाचं खूळ त्यांच्या डोक्यात लग्नापासूनचं. वरात निघाली होती होडीतून, बँडबाजासकट, रत्नागिरीच्या बाजूला. मुहूर्त बघणाऱ्यांनी सगळं बघितलं, भरती-ओहोटी कुणी बघितली नाही. अर्ध्या वाटेत पाणी उतरलं आणि होडी चिखलात रुतून बसली. सासरची मंडळी काठावरून बघतायत, नवरा शेरवानी घालून चिखलात, आणि बँडवाले रिकामटेकडे कशाला बसायचं म्हणून वाजवतायत. पाणी चढेपर्यंत दोन तास. “बायको जन्मभर चिडवायची,” चाचा सांगायचे, “म्हनायची, माजा नवरा मला दिसायच्या आधी त्याचा आवाज आयकला, तो पन शिव्या देताना.” बायको जाऊन चार वर्षं झाली होती. हे सांगताना ते हसायचे, आणि मग उठून कुणाला तरी ‘पानी मारलं?’ विचारायचे.

रस्त्याने जायचं तर खाडीला वळसा घालून दीड तास. पूल झाला की चालत दहा मिनिटं. गावातल्या प्रत्येक घरात त्या पुलाची वाट बघणारं कुणी ना कुणी होतं. पण चाचांना नुसता पूल नको होता. तो त्यांच्या हातून व्हायला हवा होता. मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरांनी, त्यांना शब्द दिला होता, “शाळा नीट पार पाडा, पुलावर हेड फोरमन तुम्हीच.” त्या एका वाक्यावर चाचा तरंगत होते. वय सत्तरीला टेकलेलं, पण काँक्रीटच्या परातीखाली हात लावायला पहिले.

शाळेच्या भूमिपूजनाला गुरवाने गाऱ्हाणं घातलं. कोकणात हे पाहिजेच. देवाला मोठ्याने सगळं सांगायचं, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. टोपीवाले हसनचाचा गुरवाच्या अगदी बाजूला उभे होते आणि सगळ्यात मोठा ‘व्हय म्हाराजा’ त्यांचा.

“बा देवा म्हाराजा, तुज्या लेकरांनी हे शाळेचं काम हातात घेतलंय…”

“व्हय म्हाराजा!”

“ह्यात काय चूकभूल झाली तर पदरात घे…”

“व्हय म्हाराजा!”

चाचांनी गुरवाला कोपराने ढोसलं. “पूल,” ते कुजबुजले. गुरव त्यांचा शाळासोबती. त्याने एक डोळा उघडून बघितलं आणि सूर न सोडता पुढे चालू ठेवलं, “आनि ह्या हसनचा पूल पन लवकर बांदून घे म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा!” सगळं गाव हसत ओरडलं.

त्याच सुमाराला रत्नागिरीत एका सभागृहात बांधकामवाल्यांचा मेळावा झाला. मुंबईचा एक वक्ता आला होता. त्याच्याकडेही हेच बाण. येत्या काळात देश कसा बांधला जाणार, कोकणात काय काय येणार, किती रस्ते, किती बंदरं. लोक टाळ्या वाजवत होते. मलाही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. शेवटी कुणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर मागच्या रांगेतून चाचा उठले. मोठ्या साहेबांनी डोक्याला हात लावला.

“साहेब, तुमची रेघ वर चाललीय, लय बरं वाटलं,” चाचा म्हणाले. “पन एक सांगा. पानी कोन मारनार?”

सभागृह खो खो हसलं. वक्त्याला काही कळलं नाही, तोही हसला. चाचा हसले नाहीत.

“मस्करी नाय करत. रेघ वाढली, गवंडी कुठं वाढले? माजे दोन मुलगे. एक कतारला, एकाचं मोबाइलचं दुकान. ह्या साहेबांच्या साइटवर झारखंडची पोरं हायत, ओडिशाची हायत. चांगली हायत, पन भिंत सरळ हाय काय ते बगायचा वळंबा कसा धरायचा ते शिकवायला मीच. माजं वय झालं. उद्या तुमच्या रेघेला वळंबा कोन लावनार?”

वक्त्याने ‘कौशल्यविकास’ असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेली. परत येताना मी चाचांना विचारलं, “तुम्हाला काय वाटतं मग? वाढेल की नाही आपला धंदा?”

“वाढंल ना! वाढतोयच.” त्यांचा स्वतःचा एक मापदंड होता. रविवारी सकाळी कोंबडीवाल्याच्या दुकानासमोरची रांग बघायची. बाहेरून आलेले कामगार आठवड्यात एकदा रविवारीच कोंबडी करतात. रांग रस्त्यापर्यंत आली की समजायचं, कामं जोरात आहेत. “मेल्या वक्त्याला बोलवायचा रविवारी, म्हंजे बान काडायची गरज नाय.” मी पुढे दोन वर्षं रविवारी ती रांग बघून महिन्याचा अंदाज बांधला. फारशी चुकले नाही.

आता ते सांगते, जे सांगायचं मी इतके दिवस टाळते आहे.

त्या वर्षी रमजान ऐन मे महिन्यात आला. तो उकाडा, ती दमट हवा, आणि चाचा थेंबभर पाणी न पिता दिवसभर स्लॅबवर उभे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बोलावलं. “पोरी, महिनाभर जीभ तुजी. रोज्यात मी चाखत नाय. थुंकलं तरी मनात शंका राहते.” दर वर्षी ते एका जाणत्या गवंड्याला हे काम द्यायचे, पण तो त्या वर्षी गावी गेला होता. उरले मी.

शिकवणी झाली. कोपरापर्यंत हात, तळाची वाळू, जिभेच्या टोकावर नाही तर बाजूला, दहा आकडे मोजायचे. मग थुंकायचं. मला थुंकताच येईना. हनुवटीवर ओघळ यायचा. “कऱ्हाडच्या मुलींना थुंकायला शिकवत नायत काय गो?” म्हणून चाचा उपाशीपोटी हसत सुटले. झारखंडची पोरं बघायला जमली. चौथ्या दिवशी मला जमलं, डावीकडे, तीनदा, झोकात. चाचांनी टाळी वाजवली.

चार ट्रक मी इमानदारीने चाखले. एक परतही पाठवला. पाचवा ट्रक आला तो स्लॅब भरायच्या दिवशी. पाऊस तोंडावर, मिक्सर सुरू, माणसं रांगेत उभी, मोठे साहेब स्वतः आलेले आणि घड्याळ बघत ओरडतायत. वाळू घाईत आधीच ओतली होती. चाचा वर, सळ्यांवर उभे. त्यांनी वरून विचारलं, “पोरी, कशी हाय?”

मी ढिगाजवळ गेले. आणि काय सांगू, माझ्या डोळ्यांदेखत एक कुत्रं ढिगावर चढलं, तंगडी वर केली, आणि निवांतपणे निघून गेलं. मी वाकले, चिमूट उचलली, हात तोंडाजवळ नेला, बोटं ओठांना लागू दिली नाहीत. पाठीवर साहेबांचा आवाज. मी मान वर करून ओरडले, “गोड आहे, चाचा!”

“ओता!” चाचा म्हणाले.

एवढंच. इतकं सोपं असतं ते.

ईद झाली. दुसऱ्या दिवशी चाचा नवा शर्ट घालून, हातात शीरखुर्म्याचा मोठा डबा घेऊन साइटवर आले. सगळ्या पोरांना हाका मारल्या. पेले मांडले. ओतायला सुरुवात करणार, तेवढ्यात कोपऱ्यात उरलेल्या वाळूच्या ढिगाकडे त्यांचं लक्ष गेलं. महिनाभराची सवय दाबून ठेवलेली. हात आपोआप गेला. कोपरापर्यंत. चिमूट. जीभ.

ते थुंकले. परत चिमूट घेतली, दुसरीकडची. परत थुंकले. मग बराच वेळ वर स्लॅबकडे बघत राहिले. स्लॅबवर पाणी तुंबवलेलं होतं, त्यांनीच बांधलेल्या मातीच्या वाफ्यांत, आणि ते उन्हात चमकत होतं. मे महिन्यात गोड्या पाण्याची ओढ असते; वाळूवाल्याने धुताना हात आखडला होता.

मला सगळं कळलं.

“खुर्मा प्या रे,” चाचा पोरांना म्हणाले, “निवंल नायतर.” आणि फोन काढून साहेबांना लावला. त्या वेळी ‘पानी मारलं’ म्हणाले नाहीत. त्या दिवशीचा नमुना लॅबमध्ये सुट्यांमुळे अडकला होता. तो रिपोर्ट दोन दिवसांनी आला आणि त्यात तेच होतं.

मोठे साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांना पूल दिसत होता. “पंचवीस वर्षं काही होत नाही ह्याला, हसनभाई. तोवर दुरुस्ती होईल.”

“पंचवीस वर्षांनी खाली वर्गात कोन बसलेलं असंल, साहेब?”

“स्लॅब तोडला तर बोभाटा होईल. पुलाचं काम अजून कागदावर आहे. कंपनीची अब्रू जाईल, आणि सरळ सांगतो, तुमचंही पुलावरचं नाव जाईल.”

चाचांनी थोडा विचार केला. फार नाही. मग म्हणाले, “तोडा.” साहेब निघून गेल्यावर ते सरळ सरपंचांकडे गेले आणि त्यांना स्वतः सांगून आले, म्हणजे मागे फिरायची वाटच नको.

चौकशी झाली ती मिरजोळ्याच्या ऑफिसात. टेबलाच्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला चाचा आणि मी. मी हेल्मेट मांडीवर धरून बसले होते.

“वाळू कुणी पास केली?”

“मी,” चाचा म्हणाले.

“तुमचा तर रोजा होता ना? चाखली कुणी?”

“रोजा होता म्हनूनच चुकलं, साहेब. माजं काम, मी ‘ओता’ म्हटलं, चूक माजी.”

मी तोंड उघडलं नाही. माझी पहिली नोकरी. बाबा त्याच वर्षी निवृत्त झालेले. ही कारणं मी तेव्हाही स्वतःला सांगितली आणि पुढेही कित्येक वर्षं सांगत राहिले. कारणं चांगली होती. मी भेकड होते, एवढंच खरं होतं. साहेबांनी चाचांना सांगितलं, शाळा पूर्ण करा, पुढचं पुढे बघू. त्याचा अर्थ तिघांनाही कळला.

स्लॅब तुटला. घण पडायचा तेव्हा चाचा समोर उभे राहायचे, पोरांना जपून मारायला सांगत. नवा स्लॅब त्यांनी घातला, पहिला पाऊस यायच्या दोन दिवस आधी. आणि पाऊस पडायला लागला तरी आठ दिवस रोज सकाळी येऊन बघायचे की वाफ्यांत पाणी आहे ना. “अहो पाऊसच पडतोय,” मी म्हटलं. “पावसाचा भरवसा नाय,” ते म्हणाले. माझ्यावर एकदाही रागावले नाहीत. वाळूचा विषय परत कधी काढला नाही. मला वाटायचं, त्यांना ठाऊकच नाही. ज्या दिवशी काम संपलं, त्या दिवशी त्यांनी हेल्मेट खिळ्याला अडकवलं, मला म्हणाले, “चल गो पोरी,” आणि घरी गेले.

पूल आम्हालाच मिळाला. हेड फोरमन बाहेरून आणले. मी साधी इंजिनिअर होते, होता होता सिनिअर झाले. खाडीचा तळ, पाया, खांब; साडेतीन वर्षं. वाळूचा प्रत्येक ट्रक मी चाखला. तोवर दगड फोडून केलेली वाळू कारखान्यातून चाचणी होऊन यायला लागली होती, कागद सोबत असायचा, तरी मी चाखायची. कुत्री येऊन गेलेले ढिगारेही चाखले. नवे लोक मला वेडी म्हणायचे आणि मला त्यात बरं वाटायचं. कधी होडीतून जाताना चाचा काठावर उभे दिसायचे, लांबून हात करायचे. साइटवर मात्र ते एकदाही आले नाहीत.

उद्घाटनाला आठवडा होता. रंगकाम चाललेलं. सकाळी नऊच्या सुमाराला गेटवरच्या वॉचमनचा फोन आला, “मॅडम, एक म्हातारबाबा आलेत. पास नाही म्हणतायत. ऐकतच नाहीत.”

मी धावत गेले. पुलाच्या रत्नागिरीकडच्या तोंडाशी लोखंडी अडसर लावला होता आणि त्याच्या पलीकडे हसनचाचा. अंगाने आणखी निम्मे झालेले, हातात काठी, मनगटावर मस्कतचं घड्याळ. वॉचमनशी हुज्जत घालत होते, “अरे बाबा, पुलाला पास कसला?”

मला बघून ते हसले. “पोरी, पानी मारलं?”

मी नुसती मान हलवली.

“हे बग,” त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. “आजारपनात माजी चव गेली. मीठ कळत नाय, साखर कळत नाय. सून काय वाढते अल्लालाच ठाऊक. वाळू आनलीय. तू सांग कशी हाय.”

पुडीत मूठभर वाळू होती. वॉचमन बघतोय, रंगारी बघतायत. मी चिमूट घेतली, जिभेच्या बाजूला ठेवली, डोळे मिटले, दहा आकडे मोजले. मग डावीकडे वळून थुंकले. तीनदा.

“खारट आहे, चाचा. चक्क खारट.”

“असनारच. आत्ता होडीतनं उतरताना काठावरनं उचलली.” त्यांचे डोळे बारीक झाले. “आता थुंकलीस.”

मी बाहीने तोंड पुसलं.

“त्या दिवशी थुंकली नव्हतीस,” ते अगदी साधेपणाने म्हणाले. “वरून बगत होतो मी. पन उपाशीपोटी डोस्कं चाललं नाय. ईदच्या दुसऱ्या दिवशी वाळू चाखली तवा आठवलं, आपली पोरगी थुंकली नाय.”

“म्हणजे तुम्हाला तेव्हापासून…” मी रडायला लागले, सगळ्यांसमोर, हेल्मेट घातलेली सिनिअर इंजिनिअर. “मग सांगितलं का नाहीत? तुमचा पूल गेला ना हो माझ्यामुळे!”

“रोजा माजा होता गो, तुजा नव्हता. माजं काम मी दुसऱ्याच्या जिभेवर टाकलं.” त्यांनी पुडी चुरगळून खिशात टाकली. “आनि मी म्हातारा. तुला अजून लय बांदायचं होतं. एकाची जीभ गेली तर दुसऱ्याची राहिली पाहिजे ना?” मग काठी अडसरावर आपटून म्हणाले, “आता रडनं पुरे. हा मला आत सोडत नाय, त्याचं काय ते बग.”

वॉचमन माझ्याकडे बघायला लागला. “मॅडम, पास…”

“ह्यांना लागत नाही,” मी म्हटलं आणि अडसर स्वतः उचलला.

मी बरोबर जायला निघाले तर त्यांनी हाताने थांबवलं. एकट्यानेच जायचं होतं त्यांना. ती आमची शेवटची भेट. त्या पावसाळ्यात ते गेले, आणि मयतीला अख्खं रत्नागिरी पुलावरून चालत आलं. पण मला ते आठवतात ते त्या सकाळचे. एक हात कठड्यावर, एका हातात काठी, खाली भरतीचं पाणी, आणि समोर त्यांचं गाव. दर चार पावलांना थांबून कठड्यावर टिचक्या मारून बघायचे. बरोब्बर मधोमध पोचल्यावर, जिथे कधीकाळी नवरदेवाची होडी रुतली होती तिथे, ते उभे राहिले. बराच वेळ खाली बघितलं. मग मागे वळले आणि वाऱ्यात हात तोंडाशी धरून ओरडले,

“पोरी, कसा हाय गो?”

“गोड आहे, चाचा!” मी ओरडले. एकेक ट्रक चाखला होता मी.